साखर एकट्याने का सुटत नाही?

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्याची सूचना केली. कोणत्या पदार्थात किती साखर असते, दिवसाला किती खावी आणि जास्त खाल्ल्यास काय होते, हे मुलांना येता-जाता दिसावे, हा या फलकाचा उद्देश आहे. चार ते दहा वर्षांच्या मुलांना रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांना १५ टक्के उष्मांक साखरेतून मिळतात, शिफारस मात्र ५ टक्क्यांची आहे, असे मंडळाने त्या पत्रात म्हटले होते.

फलक वाचून आलेले मूल घरी प्रश्न विचारते आणि घरातील मोठी माणसे अडचणीत येतात. साखर कमी करायला हवी, हे त्यांनाही ठाऊक असते. त्यांतील कित्येकांनी रक्ततपासणीचा कागद हातात पडल्यावर साखर सोडण्याचा निर्धार केलेला असतो, आठ-पंधरा दिवस तो पाळलेलाही असतो, आणि मग एखाद्या बारशाला किंवा पाहुण्यांच्या घरी तो मोडलेला असतो. आपले मनच कच्चे, असे म्हणून ती माणसे गप्प बसतात. मला हे निदान चुकीचे वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात माणसाच्या पोटात जाणारी बरीचशी साखर त्याने स्वतः चमच्याने घेतलेली नसते. ती कोणीतरी प्रेमाने दिलेली असते. म्हणून ती देणाऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय सुटणे फार कठीण जाते. हे नीट समजण्यासाठी आधी साखर म्हणजे काय, इथून सुरुवात करू.

पांढरी साखर म्हणजे नेमके काय?

साखर कशी तयार होते, हे आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगावे लागू नये. कर्नाटकातील साखर कारखान्यांपैकी मोठा वाटा बेळगाव जिल्ह्यात आहे आणि साखरेचे शास्त्र शिकवणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगावातच आहे. तरीही थोडक्यात सांगतो. उसाचा रस काढतात, चुना आणि गंधकाच्या वायूने त्यातील मळ वेगळा करतात, रस आटवून त्यात स्फटिक धरू देतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात मळी बाजूला काढून पांढरे दाणे उरवतात. एक टन उसापासून साधारण शंभर किलोच्या आसपास साखर मिळते. उसातील पाणी, चोथा, क्षार आणि इतर घटक मागे राहतात आणि उरतो तो जवळजवळ शुद्ध असा एकच पदार्थ, सुक्रोज. सुक्रोजचा प्रत्येक कण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांच्या जोडीने बनलेला असतो.

गंधकाने पांढरी केलेली म्हणून साखर विषारी, असा एक समज पसरलेला आहे. साखरेचा अपाय तिच्या पांढरेपणात नाही. तो आहे तिच्या प्रमाणात, आणि ती चोथ्याविना, पाण्यात विरघळून, भराभर शरीरात शिरते या गोष्टीत.

आणखी एक संज्ञा आवश्यक आहे, ती म्हणजे मुक्त साखर. आपण वरून घातलेली किंवा कारखान्यात पदार्थात मिसळलेली साखर, गूळ, मध, तसेच फळांच्या आणि उसाच्या रसातील साखर या सर्वांना मिळून मुक्त साखर म्हणतात. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक साखर यात धरली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, मुक्त साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत आणि ५ टक्क्यांच्या खाली आले तर अधिक चांगले. दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ जास्तीत जास्त ५० ग्रॅम आणि शक्यतो २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा सपाट चमचे.

शरीरात गेल्यावर काय होते?

गळीत हंगामात उगार, संकेश्वर किंवा निपाणीच्या बाजूने प्रवास करणाऱ्याने कारखान्याच्या फाटकापुढे उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पाहिलेली असते. कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली असते. ट्रॉल्या ठरलेल्या अंतराने आल्या, तर काट्यावर वजन होते, ऊस गव्हाणीत पडतो आणि काम सुरळीत चालते. सगळ्या शिवाराचा ऊस एकाच रात्री आला, तर आवार भरते, रस्ता अडतो आणि उसाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी यांचे पचन होऊन त्यांतील ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते, म्हणजे ट्रॉल्या रांगेने येतात. गोड चहा, सरबत किंवा बाटलीतील शीतपेय घेतले की साखर थोड्याच वेळात रक्तात येते, म्हणजे सगळ्या ट्रॉल्या एकदम फाटकाशी येऊन थांबतात.

रक्तातील ग्लुकोज पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम इन्सुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक करते. वारंवार गर्दी झाली आणि त्यात पोटावर चरबी वाढली, तर पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. मग स्वादुपिंडाला तेवढ्याच कामासाठी अधिक इन्सुलिन सोडावे लागते आणि वर्षानुवर्षे हे चालल्यावर ते थकते. साखरेतील दुसरा भाग, फ्रुक्टोज, याचा बराचसा निपटारा यकृताला करावा लागतो, आणि गरजेपेक्षा जास्त आलेल्या फ्रुक्टोजचे यकृत चरबीत रूपांतर करते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आता दारू कधीही न घेतलेल्या माणसांच्या बाबतीतही दिसतात, त्यामागील कारणांपैकी हे एक आहे. दातांचे नुकसान तर सरळ आहे: तोंडातील जंतू साखरेवर जगतात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे आवरण झिजवते.

साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला, असे एका ओळीचे गणित मात्र मांडता येत नाही. आनुवंशिकता, वजन, बैठे काम, अपुरी झोप यांचाही त्यात वाटा असतो. गोड पेयांचा संबंध त्यातल्या त्यात ठळकपणे सिद्ध झालेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या आकड्याकडे माझे लक्ष अधिक जाते, कारण उंबरठ्यावरून मागे फिरता येते.

घरातील साखर मोजायची कशी?

आपण किती साखर खातो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक ‘फार नाही’ असे देतात. चमचे मोजून खरे उत्तर सापडत नाही, कारण चमचा कधी सपाट असतो, कधी शीग भरलेला. त्यापेक्षा किराणा दुकानाची महिन्याची यादी काढावी. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो साखर येत असेल, तर माणशी दिवसाला ४० ग्रॅम होतात. अजून गूळ, बिस्किटे, बेकरीतील खारी-टोस्टबरोबर आणलेले क्रीमरोल, मुलांच्या दुधात पडणारी चॉकलेटची पावडर, टोमॅटो सॉस आणि बाहेरचा चहा या हिशेबात आलेलेच नाहीत.

संपूर्ण देशाचा हिशेबही याच्याशी जुळतो. भारतात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते, म्हणजे माणशी वीस किलोच्या आसपास आणि दिवसाला पन्नास ग्रॅमहून थोडी अधिक. यात मिठाई, शीतपेये आणि हॉटेलांत वापरली जाणारी साखरही आली. ही सरासरी आहे, हे लक्षात घेतले तर ज्याच्या घरी पोटभर गोड खाल्ले जाते, त्याचा आकडा किती वर जात असेल याचा अंदाज येतो.

पाकिटबंद पदार्थांवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप यांपैकी काही पहिल्या तीन नावांत असेल, तर तो पदार्थ गोडाचाच समजावा. आपल्याकडे ही अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना ती वाचता येत नाहीत. इथे घरातील शाळकरी मूल उपयोगी पडते. आठवीतल्या नातीने पाकीट हातात घेऊन ‘शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅम साखर’ असे मोठ्याने वाचून दाखवले, की आजोबा ते बिस्किट पुढच्या वेळी थोडे विचार करून उचलतात.

निर्धार असूनही का सुटत नाही?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या घरांत चहा कसा होतो, ते बारकाईने पाहावे. चुलीवर किंवा गॅसवर आधण ठेवले, की त्यात पाण्याबरोबरच साखर पडते, मग आले ठेचून टाकतात, चहापत्ती, शेवटी दूध, आणि सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात उकळतो. पातेले उतरवून गाळणीतून कप भरले जातात, तेव्हा साखर कोणाला किती, हा प्रश्न संपलेला असतो. ज्याला साखर नको आहे, त्याच्यापुढे दोनच मार्ग राहतात: चहा नाकारायचा, किंवा घरच्या बाईला दुसरे भांडे चढवायला लावायचे. पहिल्या मार्गाने यजमान दुखावतो. दुसऱ्या मार्गाने आधीच राबणाऱ्या बाईचे काम वाढते, आणि समजूतदार माणूस ते सांगायला धजत नाही. ‘असू दे, आजच्या दिवस घेतो,’ असे म्हणून तो कप उचलतो. सकाळी घरी, दहा वाजता कामाच्या ठिकाणी, दुपारी कोणी भेटायला आले म्हणून आणि संध्याकाळी कट्ट्यावर, असे चार कप झाले आणि प्रत्येकात दोन चमचे धरले, तर ३० ते ४० ग्रॅम साखर एकही गोड पदार्थ न खाता पोटात जाते.

इथे माणसाच्या निर्धाराचा काय दोष? साखर घालण्याचा निर्णय त्याच्या हाती कप येण्यापूर्वीच झालेला असतो, आणि तो दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो.

चहाखेरीज मानाचे गोड वेगळेच असते. परगावी जाताना बेळगावचा कुंदा न्यायचा, गोकाकहून येताना करदंट आणायचा, मुलगा पास झाला की पेढे, लग्न ठरले की साखरपुडा, गुढीला साखरेच्या गाठी, संक्रांतीला तिळगूळ आणि हलवा, यात्रेत हुग्गी, लग्नाच्या पंगतीत मांडे. आग्रह करणे हा आपल्या पाहुणचाराचा भाग आहे आणि तो नाकारणारा शिष्ट ठरतो. मला हा पाहुणचार प्रिय आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना, मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत, तो सारखाच मनापासून होतो, आणि तो बंद व्हावा असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र ज्याच्या रक्तात साखर वाढलेली आहे, त्याला प्रत्येक दारात एकट्याने नकार द्यायला लावणे हे क्रूरपणाचे आहे. तो भार वाटून घेता येतो.

सोबत म्हणजे काय आणि काय नव्हे?

सोबतीची सुरुवात स्वयंपाकघरातून होते आणि ती एका साध्या बदलापासून होऊ शकते: चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि साखरेचा डबा चमच्यासह कपांशेजारी ठेवायचा. ज्याला हवी तो घालून घेईल. या बदलाने वेगळे भांडे लागत नाही, कोणाचे गोड बंद होत नाही आणि नकार द्यायची वेळही येत नाही. विरघळलेली साखर दिसत नाही, चमच्यातली दिसते, त्यामुळे मधुमेह नसलेली माणसेही काही दिवसांत दोनाचा दीड आणि दीडाचा एक चमचा करतात. एकदम शून्यावर येण्यापेक्षा असे उतरत जाणे पुष्कळांना झेपते. दोन-तीन महिने कमी साखर खाणाऱ्यांना तोच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागतो, असे चवीवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे जीभही मागे येते, तिला फक्त वेळ द्यावा लागतो.

घराबाहेर सोबतीसाठी नवी संघटना उभारण्याची गरज नाही. आपल्या गावांत स्त्रीशक्ती संघ आणि बचत गट आहेत, भजनी मंडळे आहेत, गल्लीची युवक मंडळे आहेत, पहाटे फिरायला जाणाऱ्यांचे घोळके आहेत. बेळगाव तालुक्यातील माझ्या माहितीच्या एका बचत गटात हप्ता गोळा करण्याच्या दिवशी चहा-बिस्किटे होत असत. गटातील दोघींना मधुमेह निघाल्यावर त्यांनी बैठकीचा चहा बिनसाखरेचा केला आणि बिस्किटांच्या जागी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे ठेवले. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकीच्या घरी त्या महिन्यात किती किलो साखर आली, तो आकडा त्या लिहितात. आकडा वाढला म्हणून कोणी बोलत नाही. का वाढला, ते मात्र विचारतात. घरात लग्न होते, नणंद बाळंतपणाला आली होती, अशी उत्तरे येतात आणि पुढच्या वेळी अशा प्रसंगी काय करता येईल यावर बोलणे होते. त्या पानावर कोणाचेही वजन किंवा तपासणीचा आकडा नसतो, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते, कारण वजनाची चारचौघांत चर्चा झाली की माणसे, विशेषतः सुना, बैठकीला यायच्या बंद होतात.

पहारा देणे म्हणजे सोबत नव्हे. ‘तुला साखर आहे ना, मग पेढा कशाला घेतलास?’ असे पंगतीत मोठ्याने विचारणारा नातेवाईक आपण काळजी करतो असे समजतो. त्या प्रश्नाने माणूस शरमतो आणि पुढच्या वेळी लपून खातो. लपून खाणाऱ्याला मदत करणे कोणालाच शक्य नसते. त्याऐवजी शेजारी बसलेल्याने ‘आपण एक पेढा दोघांत घेऊ’ एवढे म्हटले, किंवा वाढप्याला आधीच खूण केली, तर काम होते. सोबत्याचा खरा उपयोग नकाराच्या क्षणी आहे. यजमानाला ‘काकांना बिनसाखरेचा द्या’ हे काकांनी सांगण्यापेक्षा पुतण्याने सांगितलेले सोपे जाते.

सणांच्या बाबतीत मंडळांनी थोडा पुढाकार घेतला तर पुष्कळ होईल. गणपतीत रोज आरतीनंतर वाटला जाणारा प्रसाद पाच दिवस खोबरे, फळे, भिजवलेली डाळ किंवा उकडलेल्या शेंगांचा आणि उरलेल्या दिवशी मोदक-पेढ्यांचा ठेवता येतो. प्रसाद नाकारणे भाविकाला जमत नाही, पण प्रसाद काय असावा हे ठरवणे मंडळाला जमते.

असे गट केल्याने खरोखर फरक पडतो का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फुगवून देणे मला पटत नाही. माणसांच्या सवयी एकमेकांबरोबर बदलतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी अभ्यासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, एखाद्याचा मित्र लठ्ठ झाल्यास तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. सारख्या स्वभावाची माणसेच मित्र होतात, त्यामुळे या आकड्यात मैत्रीचा परिणाम किती आणि आधीचे साम्य किती, यावर नंतर वादही झाला.

आपल्या देशातील दोन प्रयोग अधिक जवळचे आहेत. चेन्नई येथील अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना आहार आणि व्यायामाचा सल्ला सातत्याने दिला गेला. तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण सल्ला न मिळालेल्यांपेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १,००७ लोकांवर झालेला प्रयोग तर आपल्या विषयाचाच होता: गावातील सामान्य माणसांनाच प्रशिक्षण देऊन गटप्रमुख केले आणि वर्षभर गटाच्या बैठका घेतल्या. दोन वर्षांनंतर गटांतील १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, तर केवळ माहितीपत्रक दिलेल्यांपैकी १७.१ टक्के लोकांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र फळे-भाज्या खाणे वाढले, दारूचे प्रमाण कमी झाले. म्हणजे गटामुळे सवयी बदलतात. त्या बदलाने आजार किती टळतो, ते बदल किती मोठा आणि किती काळ टिकला यावर अवलंबून राहते.

गूळ तर चालेल ना?

पाहुण्याला गूळ-पाणी देणाऱ्या आपल्या मुलखात हा प्रश्न हमखास येतो. गुळात मळी वेगळी केलेली नसते, म्हणून त्यात लोह आणि इतर क्षार थोड्या प्रमाणात राहतात, आणि चवीलाही तो निराळा असतो. तरीही गुळाचा बहुतांश भाग सुक्रोजच आहे आणि रक्तातील साखर तो जवळजवळ तेवढ्याच वेगाने वाढवतो. चहात साखरेऐवजी गूळ घातला, तर मधुमेह्याच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. मधाचेही तसेच. उसाचा रस ताजा आणि आपल्याच शेतातला असला, तरी त्याच्या मोठ्या पेल्यात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते. अख्खा ऊस सोलून दाताने चावून खाणाऱ्याचे तोंड दुखते आणि तो थांबतो, रस पिणारा थांबत नाही. संपूर्ण फळे खायला मात्र हरकत नाही. मधुमेह असलेल्यांनी त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

साखर बंद केल्यास अशक्तपणा येईल का?

मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, हे खरे आहे. ते भाकरी, भात, डाळी, कंदमुळे यांतून शरीर स्वतः तयार करते. त्यासाठी डब्यातील एकही चमचा साखर खावी लागत नाही. शेतात किंवा फौंड्रीत अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला अधिक उष्मांक हवेत, आणि तेही भाकरी-आमटीतून मिळू शकतात.

साखर सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डोके दुखते, चिडचिड होते, अशी तक्रार ऐकू येते. अनेकदा त्याचे कारण वेगळे असते. बिनसाखरेचा चहा आवडत नाही म्हणून माणूस चहाच बंद करतो आणि चहातील कॅफीन अचानक थांबल्याने डोके धरते. हा त्रास साधारण एका दिवसात सुरू होतो आणि आठवड्याभरात ओसरतो. म्हणून साखर आणि चहा एकाच दिवशी सोडू नयेत.

गोडी देणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

वजन कमी ठेवण्यासाठी अशा गोळ्यांवर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. गोळ्यांनी गोडाची सवय तशीच राहते, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

जिल्हाच साखरेचा, मग आपण असे कसे बोलावे?

हा आक्षेप मला सर्वांत मनाला लागणारा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ऊस आहे किंवा ऊसवाले नातेवाईक आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे शेतकरी प्रतिटन ३,५०० रुपये दरासाठी दिवसचे दिवस रस्त्यावर बसले आणि अखेर ३,३०० रुपयांचा तोडगा पुढे आला. ज्याच्या घामाला दर मिळत नाही, त्याला साखर कमी खा असे सांगणे जखमेवर मीठ चोळण्यासारखे वाटू शकते.

परंतु उसाचा दर कशावर ठरतो, ते पाहावे. केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाल्यास, क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला होता. कारखान्यांचे उत्पन्न आता साखरेबरोबरच इथेनॉल आणि बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, होणाऱ्या विजेवरही चालते. साखरेचा फार मोठा हिस्सा घरांत न जाता शीतपेये, मिठाई आणि बिस्किटांच्या उद्योगांत जातो. एखाद्या गल्लीने महिन्याला पन्नास किलो साखर कमी केली म्हणून काट्यावरचा दर हलणार नाही. उलट, मधुमेहाने पायाला जखम झालेल्या किंवा डायलिसिसवर गेलेल्या शेतकऱ्याच्या घरचे उसाचे बिल कुठे जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ऊस पिकवणाऱ्याने त्याच्या दरासाठी लढावे आणि आपल्या घरातील चहाही बिनसाखरेचा उकळावा, यात मला विसंगती दिसत नाही.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी

तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान आली, तर माणूस उंबरठ्यावर आहे असे समजतात आणि ६.५ किंवा त्याहून अधिक आली तर मधुमेह. सवय बदलल्याचा परिणाम या तपासणीत दिसायला तीन महिने द्यावे लागतात.

जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी साखर आणि जेवण यांत मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. औषधाची मात्रा जुन्या खाण्यावर ठरलेली असते. खाणे कमी झाले आणि मात्रा तशीच राहिली, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलीग्रॅमच्या खाली उतरू शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, अचानक भूक लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. ती ओळखणे हे गटातील प्रत्येकाला शिकवून ठेवावे, कारण ज्याला हे होते त्याला अनेकदा स्वतःला कळत नाही. माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटत नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी आणि नंतर जेवायला घालावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

म्हणून अशा माणसाने फिरायला जाताना साखरेची पुडी खिशात ठेवावी आणि ती कोणत्या खिशात आहे हे सोबत्यांना सांगून ठेवावे. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, तर नव्या चिठ्ठीचा फोटो घरातील एकाच्या आणि गटातील एकाच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.